मिठाला जागणं

कारागांदाहून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच.
म्हणून आमच्याकडे तो बादलीतून येतो,
वीस किलो, पांढरा, कोरडा.
लिफ्ट बंद असते, पाचव्या मजल्यावर मीच चढवतो
आणि दर मजल्यावर खोकतो.

कुल्याश तो गाळलेल्या पाण्यात कालवते,
काचेची नळी बुडवते, एक डोळा मिटून वाचते:
एक पूर्णांक शून्य पंचवीस.
सव्वीस वर्षं तिनं खाणीतली हवा मोजली.
आकडा चढला की आम्हाला वर बोलवायची.
एकदाच वरच्यांनी तिचं ऐकलं नाही.
त्या पाळीला मी नव्हतो.

खरं सांगतो, पहिलं वर्षभर
मी त्या माशांना पाण्यातच पाहत होतो.
माझ्या पेन्शनचं मीठ, माझ्या झोपेची वीज,
खिडकीत काकडीच्या लोणच्याच्या बरण्या
आणि बरण्यांत लोणचं नाही, हिरवं पाणी,
त्यात धुळीएवढे जीव, पिल्लांच्या पहिल्या घासासाठी.
पाहुण्यांनी विचारलं की मी म्हणायचो, सूप आहे.

मादी धिप्पाड. नर तिच्या निम्मा.
फुटक्या कुंडीच्या खापरावर नारिंगी दाणे चिकटवून
ती निघून गेली, आणि तो लागला परांनी वारा घालायला.
पाण्यात वारा कसला, पण मला दुसरा शब्द येत नाही.
मेलेलं अंडं तो अलगद उचलून गिळतो,
शेजारच्याला धक्का लागत नाही.
बोगद्यात कुजलेला टेकू आम्ही असाच काढायचो.
त्या दिवसापासून मी खुर्ची जवळ ओढली.

सातव्या दिवशी दाण्यांना डोळे फुटतात, चंदेरी.
इतके डोळे एकदम आपल्याकडे बघतात
आणि तू उगाचच शर्टाची बटणं लावतोस.
आठव्या रात्री दिवे मालवायचे, दाराला घोंगडं टांगायचं,
कारण ती अंधारातच बाहेर येतात.
पहिली खेप तिसऱ्या दिवशी संपली.
दुसरी माझ्यामुळे. जास्त खाऊ घातलं.
तिसरीबद्दल कुल्याश बोलत नाही.

चौथ्या खेपेला पाचव्या रात्री वीज गेली.
बाहेर उणे चौतीस.
पंप थांबला तेव्हा कळलं
की इतके महिने घरात एक आवाज होता.
ती पेल्यानं पाणी उचलून वीतभर वरून सोडत राहिली,
मी नातवाच्या सायकलचा पंप, नळीला चिंधी बांधून.
खालची एर्ना क्लासेन गॅसवर पाणी तापवून
बाटल्या घेऊन आली, झग्यावर कोट चढवून.
दर वर्षी जर्मनीला निघते ती, अजून इथेच आहे.
बाटल्या काचेला टेकवून उभी राहिली.
"किती आहेत?"
"दिसत नाहीत."
"मग आहेत कशावरून?"
कुल्याशनं पेला भरला, सोडला.
एर्नाही गेली नाही.
पहाटे फ्रिज गुरगुरला. तिघंही दचकलो.

अकराव्या दिवशी एकाच्या डोक्यामागे
खडूनं ओढावी तशी रेघ उमटली.
मग दुसऱ्याच्या. मग मी मोजायचं सोडलं
आणि कुल्याशनं मोजायला घेतलं.
तिच्याकडे पाळीची जुनी वही आहे,
कोरी पानं उरली म्हणून घरी आणलेली,
छापील दोन रकाने.
खाली गेले: अंदाजे तीनशे.
वर आले: एकोणीस.
पेन ठेवून ती बराच वेळ
त्या दोन आकड्यांकडे बघत बसली.
मी चहा केला. साखर दोनदा पडली.

अस्तानाहून एक पोरगा आला, चांगले बूट घातलेला.
अठरा घेतले, पैसे मोजून दिले.
एकोणिसाव्याची रेघ अर्ध्यावर थांबते,
पाठीवरून निघते आणि पोटापर्यंत पोचतच नाही.
"हा कोण घेणार?" म्हणाला.

तो आता माझ्या बाजूच्या टाकीत असतो.
हात घातला की चावतो.
कुल्याश म्हणते, पेला घे, हात नको.
मी हातच घालतो.